मे महिन्यात न वाजणारा डबा

सासूबाईंनी फ्रीजमधून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. आत काकडीची कोशिंबीर असेल असं त्यांना वाटलं होतं. निघाल्या लाल-काळ्या वायरी, हिरव्या बोर्डाचा एक तुकडा आणि नऊ व्होल्टची बॅटरी.

“हे काय करून ठेवलंयस?”

“माझा फझ आहे, आई. गिटारचं पेडल. उकाड्याने बिघडलाय. थंड करायला ठेवला होता.”

त्यांनी डबा उलटा करून पाहिला. बुडाला दोन गोल बटणं आणि मधे एक जाडजूड खटका. म्हणूनच तो फ्रीजमध्ये तिरका उभा होता. झाकण लावून त्यांनी तो पन्ह्याच्या बाटलीशेजारी परत ठेवला. “माणसाला ऊन लागतं हे माहीत होतं. डब्यालाही लागतं होय?”

लागतं. आमचं घर ठाण्यात पाचपाखाडीत, शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर नुसती गच्ची. जानेवारीत याच डब्यातून लांबत जाणारा, जाडसर, छान फाटका सूर निघतो. मे उजाडला की तोच सूर तुटक होतो, फुर्र फुर्र करतो आणि मधेच बसतो. वायर सुटलेली नसते, बॅटरी उतरलेली नसते.

पेडल म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मधे, पायाशी ठेवायची डबी. खटका दाबला की आवाजाचा पोत बदलतो. कुठलं पेडल प्रतिध्वनी देतं, कुठलं आवाज थरथरवतं. फझ त्यातलं सगळ्यांत अडाणी. ते आवाज फाडतं, बस्स. गोलसर वरखाली जाणारी लाट इतकी मोठी करायची की तिचा माथा आणि तळ सपाट कापले जावेत. त्या कापलेल्या कडांतून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर फुटतात. चेंदणी कोळीवाड्यात हळदीच्या रात्री स्पीकर त्याच्या कुवतीबाहेर वाजवला की जे होतं तेच, फक्त मुद्दाम आणि बेताने. तो बेत सांभाळणं हीच सगळी मारामारी.

या नादाला मी लागले २०१९ च्या पावसाळ्यात. हौसेने घेतलेलं एक सेकंडहँड पेडल बंद पडलं म्हणून उघडलं आणि खरं सांगायचं तर हिरमुसलेच. एवढ्या हजारांची वस्तू आणि आत मूठभर रेझिस्टर! मग वाटलं, हे तर आपणही जोडू. ठाण्याहून दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी, ग्रँट रोडला उतरून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड. त्या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते मी दुकानांच्या पाट्यांवर वाचलंय, कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी यादी पुढे केली तर दुकानदार म्हणाला, “मॅडम, बच्चे का प्रोजेक्ट है?” मी हो म्हटलं. माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता.

सुरुवात सगळ्यांत सोप्या गोष्टीपासून, म्हणजे बूस्टरपासून. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक व्हॉल्यूम. रेझिस्टरच्या रंगपट्ट्यांसाठी कॉलेजात पाठ केलेला ‘बी. बी. रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन’ अजून डोक्यात होता. त्याची बायको फार चांगली होती एवढंही आठवत होतं. आराखड्यात ट्रान्झिस्टर होता २एन५०८८. तो मिळाला नाही, म्हणून दुकानदाराने बीसी५४७ दिले, दोन-दोन रुपयांना, “सेम है” म्हणत. मी बसवला. आवाज आला, पण मूळ गिटारपेक्षाही बारीक आणि वर घोगरा. बूस्टर म्हणायचं त्याला!

दोन रविवार त्यात घालवले. सगळं पुन्हा सोल्डर केलं, वायरी बदलल्या. शेवटी डबी पर्समध्ये टाकून माहेरी, नौपाड्यात गेले. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर रेडिओवाले काका राहायचे. ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता, तिथे त्यांची तरुणपणची नोकरी. नंतर घराच्याच पुढच्या खोलीत दुरुस्तीचं दुकान. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर आले, तेही गेले. काका ऐंशीला टेकले तरी टेबल तसंच होतं: जळक्या डागांचं, राळेच्या वासाचं.

त्यांनी डबी उघडली. गिटार मी मुद्दाम खांद्याला लावून नेली होती, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीटरची काळी पिन ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या सामाईक शून्याला, लाल पिन ट्रान्झिस्टरच्या एकेका पायाला.

“आधी डीसी बघायचं, बॅटरीचा स्थिर व्होल्टेज. डीसी बरोबर असल्याशिवाय आवाजाच्या मागे लागायचं नाही. टाकीत पाणी नसताना नळ कशाला खोलतेस?”

मिनिटभरात त्यांनी ट्रान्झिस्टर उपटला, अर्धा फेरा फिरवला आणि परत बसवला. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर ५०८८ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. ५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. बेस दोन्हींत मधेच, त्यामुळे शंका येत नाही. आणि उलटा बसवलेला ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, ही खरी पंचाईत. मेला असता तर शोधला असता. तो कण्हत राहतो आणि आपण सोल्डरला शिव्या घालतो.

“पण हे आहे कशासाठी?” काकांनी विचारलं.

मी म्हटलं, “हा नुसता मोठा करतो. पुढचा करायचाय तो आवाज फाडणारा.”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “गिऱ्हाईक दारात येऊन काय म्हणायचं माहितीये? काका, आवाज फाटतोय. चाळीस वर्षं मी फाटलेले आवाज शिवले. आणि तू फाडून मागतेस?”

मग त्यांना गोष्ट सांगणं आलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, नॅशव्हिलच्या स्टुडिओत एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू होतं. ग्रेडी मार्टिन बेस गिटारचा तुकडा वाजवत होता आणि नेमका मिक्सिंग कन्सोलचा तोच चॅनेल बिघडला. सूर गाडीच्या भोंग्यासारखा फाटून आला. तो तसाच ठेवला आणि गाणं चाललं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीने मग तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवला. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये तो ‘मेस्ट्रो फझटोन’ म्हणून बाजारात आणला. फारसं कुणी विचारेना. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या कीथ रिचर्ड्सने तो वाजवला आणि मग काय!

“म्हणजे चॅनेल दुरुस्त करायला वेळेत कुणी आलं नाही,” काका म्हणाले. हा इतिहास इतक्या थोडक्यात सांगितलेला मी तरी ऐकला नाही.

लंडनच्या किंक्स या बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये आवाज फाडायला अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागदच ब्लेडने चिरला होता, हे ऐकून मात्र त्यांचा चेहरा पडला. “ब्लेडने? आम्ही गोंद लावून पातळ कागदाची ठिगळं जोडायचो रे देवा.”

मला करायचा होता तो फझ फेस. लंडनच्या आर्बिटर कंपनीने तो १९६६ मध्ये काढला, ताटलीएवढा गोल. पुढे गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या पायाशी तो जगाने पाहिला. आत सगळे मिळून अकरा भाग. दोन ट्रान्झिस्टर, तेही जर्मेनियमचे. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आल्यावर जर्मेनियम मागे पडलं, कारण ते गळतं: बेसला काहीही न देता थोडा प्रवाह आतून झिरपत राहतो. त्याला लीकेज म्हणतात. रेडिओत तो दोष. फझमध्ये मात्र जर्मेनियमचा फाटका आवाज सिलिकॉनपेक्षा मऊ लागतो, आणि त्यासाठी लोक तो दोष पदरात घेतात.

काकांनी टेबलाचा खालचा खण ओढला. खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात एसी१२८ नावाचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते, एकतीस. पेन्सिलीच्या तुकड्यासारखी बारकी धातूची नळकांडी, काहींवर बीईएलचा, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ठसा. बिल्डिंग पुनर्विकासाला निघाली होती, खण रिकामे करायचेच होते. “घेऊन जा. बिल्डर यांचे फ्लॅट देणार नाहीये.”

घरी ते मोजायला बसले आणि मीटरची लबाडी कळली. स्वस्त मीटरच्या भोकात ट्रान्झिस्टर खोचला की तो गेन, म्हणजे प्रवाह किती पट वाढतो ते, दाखवतो १४०. त्यातला बराचसा आकडा गळतीचा असतो. म्हणून वेगळं मोजायचं. नऊ व्होल्ट, कलेक्टरला साधारण अडीच किलोओमचा रेझिस्टर, बेस मोकळा. रेझिस्टरवर जो व्होल्टेज दिसेल ती गळती. मग बेसला बावीस लाख ओममधून चिमूटभर प्रवाह द्यायचा आणि पुन्हा वाचायचं. दोन्हींतला फरक एक व्होल्ट आला तर खरा गेन शंभराच्या आसपास. गणित सोपं आहे. अडचण बोटांची. ट्रान्झिस्टर चिमटीत धरून पिनांत खोचला की बोटांच्या उबेने आकडा चढायला लागतो, ०.२१, ०.२६, ०.३३, डोळ्यांदेखत. सोडून द्यायचा, पंखा बंद करायचा, हात मांडीवर ठेवून बसायचं. पाच-सात मिनिटांनी तो उतरून स्थिरावतो. मग नोंद करायची, नळकांड्याला चिकटपट्टी लावून नंबर टाकायचा आणि पुढचा घ्यायचा. एकतीस ट्रान्झिस्टरांना तीन रात्री लागल्या. कामाचे निघाले आठ. पहिल्या जागी सत्तरच्या आसपासचा, दुसऱ्या जागी सव्वाशेच्या जवळचा, अशी जोडी लावली. आमच्याकडे पत्रिका जुळवतानाही इतकं कुणी बघितलं नव्हतं.

बोर्ड तयार झाला, गिटार लावली, खटका दाबला. आवाज नाही. अशा वेळी काकांचा सिग्नल ट्रेसर. नाव भारदस्त, वस्तू म्हणजे एक वायर: एक टोक अँप्लिफायरला, दुसऱ्या टोकाला पॉइंट वन मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (कपॅसिटरच), त्याचा उघडा पाय हीच सुई. कंडेन्सर डीसी अडवतो, आवाज जाऊ देतो. आता एका हाताने गिटार छेडायची आणि दुसऱ्याने सुई लावायची हे एकट्या माणसाला जमत नाही. म्हणून मी फोनवर तानपुरा लावते आणि तो पेडलच्या इनपुटला जोडते. सुई इनपुटच्या जॅकवर: पा सा सा सा, स्वच्छ. पहिल्या कंडेन्सरच्या पलीकडे: आहे. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर: आहे, जरा दबलेला. कलेक्टरवर: मोठा झाला, कडा खरबरीत. दुसऱ्याच्या कलेक्टरवर: तानपुऱ्याचा पार चेंदामेंदा, म्हणजे फझ तयार होतोय. शेवटच्या कंडेन्सरच्या पायावर: आहे. त्या पायाखालच्या तांब्यावर: शांत. पाय आणि तांबं यांच्यात सोल्डरचा एक थेंब, वरून चकचकीत नव्हे, दाणेदार करडा. ड्राय सोल्डर. तो थेंब पायाला मिठी मारून होता, तांब्याला नुसता टेकला होता. सोल्डरिंग आयर्न टेकवलं, थेंब वितळून पसरला आणि तानपुरा शेवटपर्यंत पोचला.

पण वाजायला लागला तो निव्वळ फझ नव्हता. खाली एक हम, म्हणजे विजेची सततची गुणगुण होती. लहानपणी मी पेटी शिकलेय, त्यामुळे कानाला पट्टी सापडली: पांढरी पाच, किंचित चढी. नंतर हिशेब केला तर बरोबर होतं. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि पांढरी पाच पार खर्जात नेली की एकोणपन्नासला येते. अमेरिकेत वीज साठची, त्यांचा हम वेगळ्या पट्टीत. याचा उपयोग असा की हम खर्जातला असेल तर तो बहुधा वायरीतून किंवा ग्राउंडमधून घुसलेला असतो; एक सप्तक वर, शंभराचा असेल तर अडॅप्टरच्या फिल्टर कंडेन्सरकडे बघायचं. माझा खर्जातला होता. इनपुटची वायर साधी आणि वीतभर लांब ठेवली होती, ती जाळीवाली घातली.

तरीही एक गोष्ट उरली. सकाळी साडेसहाला उठून वाजवत होते, हात थांबवला आणि फझच्या तळातून कुणीतरी बोलतंय. बारीक, नाकातून, पण मराठी. कान स्पीकरला लावला. आकाशवाणी. थोड्या वेळाने प्रादेशिक बातम्याही झाल्या. नवरा झोपेतून उठून आला आणि म्हणाला, “रेडिओ कधी घेतलास?”

काकांना फोन केला. ते इतके खूश झाले की बराच वेळ नुसते हसत होते. लहानपणी त्यांनी गॅलिनाच्या खड्यावर रेडिओ सेट केला होता, बॅटरीशिवाय चालणारा. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटरचा सांधा तसाच एकतर्फी, प्रवाह एकाच दिशेने सोडणारा. गिटारची केबल एरियल झाली, सांध्याने मीडियम वेव्हमधला आवाज सोलून काढला आणि पुढे तो हजारपट मोठा करायला मी सगळी सोय करून ठेवलेली होतीच. “शंभर पिकोचा कंडेन्सर टाक बेस-एमिटरला, जाईल. पण घाई काय आहे? चार दिवस ऐक बातम्या.” मी आठवडाभर टाकला नाही.

डबा स्टीलचा घेतला कारण अॅल्युमिनियमच्या ओतीव डब्या महाग आणि आईकडे डबे उदंड. स्टीलला भोक पाडणं हे मात्र घरचं काम नाही. वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने हळू ड्रिल फिरवत, तेल सोडत, भोकं पाडून दिली आणि पैसे घेताना विचारलं, “यात भाजी कशी राहणार, ताई?” घरी सगळं बसवलं. झाकण उघडं असताना उत्तम वाजे, झाकण लावलं की मुका. हा बिघाड पेडल करणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी एकदा येतोच. झाकण दाबलं की बोर्ड सरकायचा आणि त्याची सोल्डरची बाजू व्हॉल्यूमच्या पत्र्याच्या पाठीला टेकायची. दुधाची पिशवी धुऊन, कापून मधे घातली. आजही आत उघडून पाहिलं तर तिच्यावरचा भाव वाचता येतो.

सोसायटीच्या गणपतीत जे झालं ते मात्र माझ्याच मूर्खपणाने. जर्मेनियमचे हे ट्रान्झिस्टर पीएनपी, म्हणजे उलट्या ध्रुवांवर चालणारे, म्हणून माझ्या डब्यात बॅटरीचा प्लस ग्राउंडला असतो. बाकी दुनियेच्या पेडलांत मायनस. हे मला पाठ होतं. तरी कार्यक्रमाच्या घाईत शेजारच्या मुलाच्या डिले (प्रतिध्वनीच्या) पेडलच्या अडॅप्टरवरूनच एक फाटा डब्याला काढला. जॅक घुसवला, ग्राउंडला ग्राउंड भिडलं, म्हणजे त्याच्या मायनसला माझा प्लस. सरळ शॉर्ट. अडॅप्टर गेला, दोन्ही पेडलं गप्प, आणि पुढे आठवणीतली भावगीतं कोऱ्या गिटारवर पार पडली. समोरच्या रांगेतल्या आजी नंतर म्हणाल्या की आज गिटार गोड वाजली. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला नवा अडॅप्टर आणून दिला.

आता मे. जर्मेनियमची गळती दर दहा अंशाला साधारण दुपटीने वाढते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर साडेचार व्होल्टच्या आसपास, म्हणजे बॅटरीच्या निम्म्यावर असावा लागतो. तिथे लाटेला वरखाली जायला दोन्हीकडे जागा मिळते. जानेवारीत मी तो बरोबर बसवला होता. मेच्या दुपारी मीटर लावला तर ६.८. लाट एका बाजूच्या भिंतीशी चेपली गेली होती, म्हणून ते फुर्र फुर्र. म्हणजे मला हवा असलेला बिघाड त्याच्या जागेवरून दोन व्होल्ट सरकला होता. फ्रीजने तो जागेवर यायचा, पण दहाच मिनिटं. शिवाय ठाण्याच्या दमट हवेत फ्रीजमधून काढलेल्या डब्याला आतून-बाहेरून घाम सुटतो, आणि पाणी-सोल्डर यांचं जमत नाही.

“सेट वाजत नाही म्हणून हवामान बदलत नाहीत,” काका फोनवर म्हणाले. मग आम्ही कलेक्टरचा ८.२ किलोओमचा रेझिस्टर काढून तिथे वीस किलोओमचा व्हॉल्यूम, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, टाकायचं ठरवलं, बटण डब्याच्या बाहेर. फॅब्रिकेशनवाल्याने आणखी एक भोक पाडलं, या वेळी काही विचारलं नाही. बटणाच्या एका टोकाला मी नेलपॉलिशने ‘जाने’ लिहिलं, दुसऱ्या टोकाला ‘मे’.

मागच्या रविवारी डबा आणि छोटा अँप्लिफायर घेऊन कासारवडवलीला गेले. काका आता तिथे मुलाकडे असतात, चौदाव्या मजल्यावर, खिडकीतून घोडबंदर रोडवरचे मेट्रोचे खांब दिसतात. टेबल नाही, खण नाहीत. हातात मीटर मात्र होता. मी एक तार छेडली. फुर्र. काकांनी बटणावर अंगठा ठेवला आणि ‘मे’कडे सावकाश फिरवायला लागले. आकडा सहावर आला, साडेपाचवर, पाचवर. सूर उलगडत गेला, लांबला, जाड झाला. साडेचारला ते थांबले, मीटर खाली ठेवला आणि मला पुन्हा तार छेडायला सांगितली. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली.

“आता फाटला,” ते म्हणाले. अंगठा बटणावरच होता. “अजून थोडा फाडू?”